राडारोड्याची आगाऊ जागा

चि. लिंबाजीस,

धुरपताआक्काचा जयभीम. तू, सून अन् लेकरं नांदेडात खुशाल असाल. (गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना खुशाल राहायला काय झालं! इथं दोन घागरींसाठी औशाच्या रस्त्यापर्यंत जावं लागतंय.) माझे गुडघे आहेत तसेच आहेत, पण डोकं लई तापलंय, म्हणून लिहायला बसले.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा वाटलं, साहेब लोक जवळ आले, आता पाणी येईल. पाणी न्हाई आलं, फर्मान आलं! उद्या पूर आला, धरणी हलली, तर पडलेल्या घरांचा राडारोडा कुठं टाकायचा, ती जागा गावानं आत्ताच ठरवून कळवावी. (पूर! इथं थुंकी गिळून दिवस काढतोय आम्ही.) तरी गोष्ट वाईट न्हाई, हे सभेत सगळ्यांच्या आधी मीच बोलले. पण जागा कुणाची? शाळेमागं म्हटलं तर मास्तर उठला, गायरान म्हटलं तर गुरंवाले उठले. माळ म्हटलं तर सरपंच सिद्रामप्पाचा मेहुणा उठला, कारण माळ सरकारचा असला तरी पेरतो तो. शेवटी सिद्रामप्पाला आपल्या वस्तीतली विहीर आठवली. रिकामी हाय, खोल हाय, गावाला खर्च न्हाई म्हणे! अरे, ही विहीर आपल्या बापानं अन् वस्तीनं हातानं खणली, कारण गावच्या विहिरीवर आपली घागर चालत नव्हती. (हे बोलले तर सगळे पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.) दुष्काळात आटली म्हणून काय ती उकिरडा झाली? पाऊस पडल्यावर आम्ही काय दगड प्यायचे?

वर सिद्रामप्पा म्हणतो, आक्का, संकट अजून कुठं आलंय, हे नुसतं कागदावर. अन् दुसऱ्याच दिवशी चावडीची जुनी भिंत पाडून गाडीत भरून आमच्या वस्तीत हजर! साहेब बघायला येणार, जागा वापरातली दिसली पाहिजे म्हणे. संकट येईना, तर यांनी भिंत पाडली! मी गाडीपुढं आडवी झाले. बैल समजूतदार निघाले, थांबले. माणसं अजून थांबायला तयार न्हाईत.

तुझी आक्का,
धुरपता

ता. क. हे पत्र मी विहिरीच्या तळात बसून लिहिलंय. खाली माणूस असलं की वरून दगड टाकू नयेत, एवढी अक्कल त्यांना हाय. शेजारची सुलतानबी टोपलीतून भाकर सोडते, त्याच टोपलीतून पत्र वर जाईल.

ता. क. दुसरं. रजा काढून ये. मला वर काढायला न्हाई. पहार, टिकाव अन् दोन घमेली आण. कालपासून लुगडं खालून ओलं लागतंय. आधी वाटलं, वय झालं. पण बोटानं उकरलं तर पाणी साचलं रे! सुलतानबीशिवाय कुणाला सांगितलं न्हाई. तूही सिद्रामप्पाला कळू देऊ नको. पाणी लागलं हे कळलं, की संध्याकाळपर्यंत ही विहीर गावची होईल.