बिनदोऱ्याची शिवण

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपार

चि. फटफटी हिला आज्जीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या अक्षरांच्या बाईंनाही नमस्कार. बाई, आमची पोर शिकताना टाळाटाळ करत असेल तर खुशाल कान धरा. उजवा धरा. डाव्यात तिने एवढ्या बाळ्या अडकवल्यात की तुमच्याच बोटाला लागायचं.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत आणि दुखायचं काम इमानेइतबारे करताहेत. तुझे बाबा कामावर जातात, येतात, मध्ये जेवतात. पत्र तुझी आई लिहिते आहे. तिला मी बजावलंय, मी बोलेन ते सगळं उतरवायचं, खोकला तेवढा वगळून. पहिल्याच ओळीला अडली. म्हणाली, "आई, फटफटी नको. नुसतं चिरंजीव लिहिते." मी म्हटलं, चालायच्या आधी बोलायला लागली म्हणून हे नाव मी ठेवलंय, गाडी पुष्कळ नंतर आली. लिही. लिहिलं असावं तिने. मला काय, कागदावर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात, कुठली कुठे निघाली आहे ते मुंग्यांनाच ठाऊक.

परवा तू काम करतेस त्या कपड्यांच्या दुकानासमोरून गेले. काचेतल्या त्या पुतळीला तू गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. तोच राखाडी कोट, तीच वाकडी मान. मालकीणबाई बाहेर आल्या. "आज्जी, ती आली की आधी हिचे कपडे बदलायला सांगा. लोक विचारतात, दुकान बंद पडलं का?" पुतळीच्या मागे स्टुलावर बसून तू कादंबऱ्या वाचायचीस ते त्यांना माहीत होतं, बरं का. "बाहेरून पुतळीला चार पाय दिसायचे," म्हणाल्या. "मी म्हटलं, असू दे, गिऱ्हाईक थांबून बघतं तरी."

तुझं पडद्याच्या कापडाचं जाकीट मी इस्त्री करून ठेवलंय. एक बाही लांब, एक आखूड. तेव्हा मी म्हटलं होतं, माप चुकलीस. तू म्हणालीस, "फॅशन आहे, आज्जी." मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि माप चुकलं की बोलणी खाल्ली. हा शब्द मला कोणी वेळेवर सांगितला असता तर!

तुला मी शिवण शिकवली तेव्हा मशीनमध्ये दोराच घातला नव्हता. तुझ्या वहीचा रेघांचा कागद सुईखाली दिला आणि म्हटलं, रेघेवर भोकं पाड, कापड नंतर. सगळ्या नवशिक्यांना मी तसंच शिकवते. भोकं पडलेल्या कागदावरून मग बोट फिरवायचं, सुई कुठे घसरली ते बोटाला कळतं, डोळे लागत नाहीत. बाकीच्या मुली वळण आलं की पाय हलका करायच्या. तू वळणावर जोर द्यायचीस. पुढे कसलं वाहन घेणार ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

आपली कादंबरी आहे तिथेच आहे. मी मशीन चालवत होते, तू पलंगावर पालथी पडून वाचत होतीस. धाकटी बहीण थोरलीची पेटी उचलून बोटीच्या फळीवर चढली, आणि खाली तुझ्या टोळक्याने हॉर्न वाजवला. "उरलेलं आल्यावर," म्हणालीस. पानात खूण म्हणून माझी मोजपट्टी घातलीस आणि पळालीस. ती बिचारी तेव्हापासून फळीवर उभी आहे. हातात जड पेटी, इकडे नाही की तिकडे नाही. तुझे बाबा म्हणाले, "मी वाचतो पुढचं." त्यांनी घसा खाकरला आणि मी पुस्तक मिटून घेतलं. ते काहीही वाचोत, वीजबिल वाचल्यासारखं वाटतं. मोजपट्टी आतच आहे. गिऱ्हाइकांची मापं मी हल्ली दोऱ्याला गाठी मारून घेते.

त्याच दुपारी तू खाणीमागच्या माळावर, त्या मातीच्या उंचवट्यावरून गाडीसकट पडलीस.

हे तुला काय सांगायचं, तूच पडलीस. पण तुझ्या आईने हे वाक्य आजवर कुणाला फोनवरसुद्धा सांगितलं नव्हतं, आज लिहिलं. हाड एकही मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे. मग तू उशाजवळचं औषधाचं खोकं उचललंस, उलटसुलट केलंस आणि विचारलंस, "हे कुठल्या भाषेत आहे?" आपल्याच भाषेत होतं.

बोलणं शाबूत, नजर शाबूत. लिहिताही येतं, फक्त लिहिलेलं स्वतःचं स्वतःला वाचता येत नाही. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं, मला ते फुलकोबीसारखं दिसलं. येतील का परत अक्षरं? येतीलही, नाहीही येणार, म्हणाले. एवढं शिकून माणसाला एवढंच सांगता येत असेल तर माझं काही फार बुडालेलं नाही. मी म्हटलं, चला, घरात आता दोघी झालो. कोणी हसलं नाही. तू हसलीस, आणि मग भिंतीकडे तोंड केलंस.

ते माझ्या जिभेवर यायला नको होतं. मला न वाचता जगता येतं. गोळ्या मी रंगावरून ओळखते, बस पुढच्या माणसाला विचारून पकडते, नाहीतर सुटली म्हणून सोडून देते. पण माझ्या घरी दिवा कधी लागलाच नव्हता, मला अंधार म्हणजे अंधार वाटत नाही. तुझा लागलेला विझला. त्यावर माझ्याजवळ तोडगा नाही. डबे ओळखायला युक्ती असते, कादंबरीला नसते.

असो. शनिवारी तू बाईंच्या केंद्रातून घरी येणार. खोली झाडून ठेवली आहे. आता एक गोष्ट तू यायच्या आधी तुला कळायला हवी. सूनबाई, लिही.

बुधवार, सकाळ

काल पत्र इथेच थांबलं. तुझी आई पेन ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी घासत बसली. मी टेबलापाशी राहिले. कागद समोर, पेन समोर, वाक्य तोंडात तयार, आणि मी आपली दोन हात मांडीवर घेऊन बसलेली. पेन उचलून पाहिलंसुद्धा. सुईपेक्षा जाड असतं आणि काही कामाचं नसतं. शेजाऱ्यांना बोलावून लिहवून घेतलं असतं, पण घरातलं घरातल्याच हाताने लिहिलेलं बरं. शेवटी पेनाला टोपण घातलं. मला जमणारं लिखाण तेवढंच.

आज सकाळी तीच आली. चहाचा कप माझ्यापुढे आपटला, खुर्ची ओढली, म्हणाली, "सांगा."

बाई, आता जरा लक्ष द्या. मी जे सांगते ते कागदावर उतरतं की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. याच्या पुढच्या ओळीत गाडीची गोष्ट आली नाही, तर ती लिहिली गेली नाही असं समजा, आणि मला फोन करा.

फटफटे, तुझी गाडी घरी नाही.

निघताना तू मला दोन गोष्टी सांभाळायला सांगितल्या होत्यास. "फळीवरची बाई आणि शेडमधली गाडी." बाई अजून आहे. गाडी गेल्या महिन्यात गेली. तुझ्या मेकॅनिकने नेली, टेम्पोत घालून.

तू त्या सकाळी फोनवर म्हणालीस, "अक्षरं नाही आली तर नाही आली. गाडीला कुठे अक्षरं लागतात?" तू गमतीने म्हणालीस की खरंच, मला कळलं नाही. तुझ्या आईला कळलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोकं पुन्हा आपटलं तर या वेळेसारखं निभावणार नाही. तिने फोन ठेवला आणि लगेच मेकॅनिकला लावला.

मी फाटकात जाऊन उभी राहिले. कमरेवर हात ठेवून, चांगली ऐसपैस. मेकॅनिक म्हणाला, "आज्जी, जरा बाजूला होता का?" आणि मी झाले. काय करणार होते? तुझ्या आईकडे बघितलं तर तिचा चेहरा असा, की अडवावं तरी वाईट आणि न अडवावं तरी वाईट. मला तर ती गाडी कधी आवडलीच नव्हती. मागे बसायला सीट नाही. सोबत माणूस घ्यायची सोयच नाही असलं कसलं वाहन, असं मीच म्हणायचे. तरी ती टेम्पोत आडवी बांधलेली बघवली नाही.

मी सूनबाईला म्हटलं होतं, पोरगी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. ती म्हणाली, "नाही बोलली तर नाही. चिडू दे माझ्यावर, पण जिवंत राहून चिडू दे." यावर उत्तर सुचलं तर तू कळव.

मग तू दर फोनला विचारायला लागलीस, "गाडी बरी आहे ना?" ती म्हणायची, "हो." एकदा फोन मला द्यायला लावलास. "आज्जी, वर कापड टाकलंय ना? धूळ बसते." मी म्हटलं, "कापड आहे गं." आहेच. मीच शिवलेलं ते, घडी घालून माझ्या पलंगाखाली ठेवलंय. एवढं खरं बोलले मी. तू म्हणालीस, "मग मी लवकर शिकते," आणि अक्षरांच्या बाई सांगतात, त्या दिवसापासून तू अक्षरांचे पत्ते घेऊन संध्याकाळपर्यंत बसतेस. तुझा आवाज ऐकला की मला खोटंच बोलता येतं, म्हणून फोन न करता हे पत्र.

हे कळल्यावर तू पत्ते फेकून देशील, असं तुझी आई म्हणते. देशीलही. ही भीती मलाही आहे, आणि ती दूर करायला माझ्या पिशवीत काही नाही. गाडी परत आणता येणार नाही, अक्षरं आणून देता येणार नाहीत. पण शनिवारी तू धावत शेडकडे जाशील आणि जमिनीवर नुसता तेलाचा डाग दिसेल, तेव्हा आम्ही तिघं तुझ्या पाठीमागे उभे असू. त्यापेक्षा आज, भिंतीकडे तोंड करायला तुझ्याजवळ भिंत तरी आहे. तो डाग तुझ्या बाबांनी घासून पाहिला. निघत नाही. मी म्हटलं, राहू दे.

तुझी आई म्हणते, तिला स्वतःचं एक वाक्य लिहायचं आहे. मी सांगितलेलं नाही, तिचं. मी म्हटलं, लिही, तुझंही पेन आहे.

गाडी मी दिली. आज्जी फाटकात उभ्या होत्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. तू ये.

काय लिहिलंस म्हणून विचारलं तर वाचून दाखवत नाही. मला म्हणते, "ते आमचं दोघींचं." बरं बाई. तुमच्या दोघींत बोलणं सुरू झालं असेल तर मी मध्ये पडत नाही.

आता माझं शेवटचं. अक्षरांच्या बाईंनी फोनवर सांगितलं, तुला डोळ्यांनी अक्षर लागत नाही, पण खोलगट अक्षर बोटाने गिरवलं की एखादं लागतं. मला काल टेबलापाशी बसल्या बसल्या तेच आठवत होतं. आज तुझ्या आईकडून पानाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने एक शब्द काढून घेतला, मोठा, वीतभर. मशीनचा दोरा काढला. कागद सुईखाली घेतला आणि रेघेवरून चालवला. वरच्या तिरक्या रेघेपाशी, सूनबाई तिला मात्रा म्हणते, वळताना कागद जरा फाटला आहे. तिथे मीही पाय जोरात दिला, तुझ्यासारखा. उगाच.

तिने काढून दिला तो शब्द मी सांगितलेलाच आहे, की तिने तिच्या मनातला काढून दिला, ते मला माहीत नाही. या वयात मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं आणि काय लिहिलं ते मलाच ठाऊक नाही. तुला लागलं तर शनिवारी मला सांग. नाही लागलं तरी सांग. रागाने बोलायचं असेल तर रागाने सांग, पण इथे, माझ्या पलंगावर पालथी पडून सांग. त्या फळीवरच्या बाईसारखं दाराच्या अलीकडे उभं राहायचं नाही. एका घरात एक पुरे.

बाई, आता तुम्ही थांबा. खालचं वाचायचं नाही. कागद तिच्या हातात द्या, पालथा. सुलटा तीच करेल.

तुझी,
फाटकातून बाजूला झालेली
आज्जी