ती पेनल्टी आणि माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा आधी फुटबॉल खेळणे, मग खेळवणे आणि हल्ली खिडकीतून बघणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी पत्नी समोर मटार सोलत बसली आहे आणि मधूनमधून कागदात डोकावते आहे. ते दडपण समजू नये.

माझी बुद्धी आज शाबूत आहे. ‘आज’ हा शब्द डॉक्टरबाईंनी मुद्दाम घालायला लावला. सतरा वर्षे मी स्टॉपर होतो, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून उंचावरून येईल तो चेंडू डोक्याने परत पाठवायचा. ते चेंडू आता परत यायला लागलेत. गेल्या महिन्यात भाजी घेऊन निघालो आणि चौकात उभा राहिलो, घर डावीकडे की उजवीकडे तेच आठवेना. डॉक्टरबाईंनी डोक्याचा स्कॅन बघितला आणि म्हणाल्या, ‘काही लिहून ठेवायचं असेल तर लवकर ठेवा.’ म्हणून ही घाई. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते. वय बावीस, कप फायनलच्या आधी, ड्रेसिंग रूममध्ये, बँडेजच्या खोक्याच्या झाकणावर. त्यात सगळं आईला दिलं होतं. सगळं म्हणजे एक सायकल. ते रद्द समजावे. आता आई नाही आणि सायकलही नाही.

कलम १. मैदानामागच्या गल्लीतले, दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी असलेले राहते घर मी पत्नीस देत आहे. तसंही ते तिचंच आहे. मी इथे आयुष्यभर फक्त ओले मोजे वाळत घातले.

‘आणि मी आधी गेले तर?’ पत्नीने विचारलं.

‘तर मुलीला.’

‘मग तसं लिहा ना.’

तसे लिहिले आहे. बाथरूमची कडी जरा वर उचलून लावावी लागते, हेही घराबरोबर सांगावे.

कलम २. बेडरूममधले लोखंडी कपाट, आरशासकट, मी एका क्रीडा वार्ताहरास देत आहे. ते आता निवृत्त आहेत आणि तलावाजवळ राहतात. माझ्या पहिल्या मोसमात त्यांनी पेपरात लिहिलं होतं, ‘एखाद्या कपाटाला बूट घालून मैदानात उभं केलं तर ते या नव्या स्टॉपरसारखंच खेळेल.’ ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. एकच अट आहे. कपाट त्यांनी स्वतः येऊन, एकट्याने जिन्यावरून खाली न्यावे. कपाटाला चुकवून पुढे जाणं किती सोपं असतं ते त्यांना कळेल.

कलम ३. माझ्या उजव्या गुडघ्यात एक पट्टी आणि चार स्क्रू आहेत. माझ्या पश्चात ते हाती लागले तर माझ्या मित्रास दाखवावेत. देऊ नयेत, फक्त दाखवावेत.

हा मित्र म्हणजे पलीकडच्या क्लबचा नऊ नंबर. तो गोल मारायचा आणि मी मारू द्यायचो नाही, एवढीच आमची ओळख बारा वर्षे होती. मला ‘गोचीड’ हे नाव त्यानेच ठेवलं. एकदा त्याचा बूट फाटला म्हणून तो बदलायला रेषेबाहेर गेला, तर मीही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो वैतागून म्हणाला, ‘अरे, आता तरी सोड!’ मी म्हटलं, ‘तू आत आलास की मला परत शोधावं लागेल.’ पुढे मी चौतिसाचा असताना एका चेंडूवर आम्ही दोघं झेपावलो. चेंडू कोणालाच मिळाला नाही आणि माझा गुडघा गेला. स्ट्रेचरचं एक टोक त्यानेच उचललं होतं. दवाखान्यात तो रोज यायचा, रोज माफी मागायचा आणि माझ्यासाठी आलेली संत्री खाऊन जायचा. त्याच खोलीत ठरलं, की आता पळणं जमणार नाही, तर शिकवू या. मी माझ्या क्लबचा कोच झालो आणि दोन वर्षांनी तो त्याच्या.

कलम ४. या कलमाने मी कोणाला काही देत नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुलगी अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी आतेभावाचे बूट घालून मैदानाच्या गेटवर येऊन उभी राहिली. बूट दोन नंबर मोठे होते. आत लोकांची साठ पोरं माझ्या हाताखाली पळत होती. तिने विचारलं, ‘बाबा, मी येऊ?’ मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘घरी जा. पोरींचं काम नाही हे.’ काही पोरं हसली. ती रडली नाही, वळून घरी गेली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. विषय संपला असं मी धरून चाललो.

आठ वर्षांनी लीगची सेमीफायनल होती, आमचा क्लब आणि नऊ नंबरचा. नेमलेल्या रेफरीची गाडी वाटेत बंद पडली. आयोजकांनी बदली रेफरी आणला. काळे कपडे, गळ्यात शिट्टी, केस घट्ट बांधलेले. बघतो तर आमची मुलगी! दर रविवारी ती कंप्युटरच्या क्लासला जाते असं मला घरात सांगितलेलं होतं. सांगणारी या क्षणी माझ्यासमोर मटार सोलते आहे.

नात्याचा प्रश्न होता म्हणून दोन्ही कोचची लेखी संमती लागत होती. नऊ नंबरने हसत हसत सही केली. म्हणाला, ‘तुझीच मुलगी ना? मग ती तुला इंचभरही सूट देणार नाही.’

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग त्यांचा कॉर्नर आला, आमच्या गोलसमोर गर्दी झाली, त्यांचा एक पोरगा पडला आणि शिट्टी वाजली. मुलीने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. मी रेषेवरून लंगडत पळालो. ‘दिसत नाही का तुला? घरी ये, मग बघतो!’ सगळ्या स्टँडने ऐकलं.

ती सावकाश चालत माझ्यासमोर आली. खिशातून वही काढली.

‘कोच, नाव सांगा.’

‘तू तुझ्या नावापुढे लावतेस ना, तेच.’

तिने ते लिहून घेतलं आणि लाल कार्ड वर केलं.  

उरलेली बारा मिनिटं मी जाळीबाहेरून बघितली. तिथे ओरडायला कोणी नव्हतं, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा रेफरीकडे नीट पाहिलं. चेंडू कुठे जाणार ते तिला आधी कळायचं. कुठे उभं राहायचं, कधी मागे सरकायचं, पाठ कोणाकडे करायची नाही, मी वर्षानुवर्षं घसा फोडून जे शिकवत होतो ते सगळं ती करत होती. कुठून बघून शिकली ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही एका गोलने हरलो. घरी जेवायला बसलो.

‘पेनल्टी नव्हती,’ मी म्हणालो.

‘होती,’ मुलगी म्हणाली.

‘मीठ इकडे द्या,’ पत्नी म्हणाली.

तेवीस वर्षे झाली, हे बोलणं अजून चालू आहे.

कलम ५. क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षांस मी काहीही देत नाही. त्या पराभवानंतर दोन महिन्यांनी त्यांनी मला काढलं, तेही वॉचमनच्या हाती चिठ्ठी पाठवून. वॉचमन बिचारा चिठ्ठी देताना माझ्यापेक्षा जास्त लाजला. अध्यक्षांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये. अगदीच ऐकले नाहीत तर दोन मिनिटं द्यावीत, जादा वेळ नाही.

मी घरी आठवडाभर पंख्याकडे बघत पडून होतो. मग पत्नी म्हणाली, ‘पोरं काढून घेतली त्यांनी. पोरी कुठे काढून घेतल्यात?’ पुढच्या शनिवारी मी शाळेमागच्या ओसाड मैदानावर गेलो. तीन मुली आल्या, त्यातली एक चपलांवर. आज सत्तेचाळीस आहेत. बँकेतली माझी मुदत ठेव मी या संघास देत आहे. त्यातून आधी बूट घ्यावेत, आणि प्रत्येकीच्या मापाचे घ्यावेत.

कलम ६. आता मुलीचं.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा स्टॉपर घरी आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘सर, मी त्याचा शर्ट ओढला होता. मुठीत धरून.’ मी त्याला सांगितलं, ‘कोणाला बोलू नकोस.’ तो आज बस चालवतो आणि खरोखर कोणाला बोललेला नाही. त्याला मी या शब्दातून मोकळे करत आहे.

मी या दस्तऐवजाद्वारे, पूर्ण शुद्धीवर, जाहीर करतो की ती पेनल्टी होती. लाल कार्डही बरोबर होते. आणि गेटवर मी जे बोललो ते चूक होते.

एवढं लिहिलं आणि समोरचे मटार थांबले.

‘हे ती तुम्ही गेल्यावर वाचणार?’ पत्नीने विचारलं.

‘तोंडाने जमत नाही मला.’

‘तेवीस वर्षं जमलं नाही. आणि आता विसरून गेलात तर?’

तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

‘पेनल्टी होती,’ मी म्हणालो.

 पलीकडून मुलगी म्हणाली, ‘मला माहितीये, बाबा. मी तिथेच उभी होते.’

‘आणि गेटवर तुला मी... ते बूट मोठे होते तुला...’

‘ते आठवतं तुम्हाला?’ तिचा आवाज एकदम लहान झाला.

‘रोज,’ मी म्हणालो.

 मग ती म्हणाली, ‘शनिवारी मैदानावर येते. तुमच्या पोरींना ऑफसाइड समजावून सांगते. त्यांना तो चुकीचा शिकवलाय तुम्ही.’

चुकीचा शिकवलेला नाही. पण येऊ दे.

हा मसुदा तपासणाऱ्या वकीलबाई म्हणतात, जे जिवंतपणी देऊन झालं ते मृत्युपत्रात लागत नाही, हे कलम काढून टाका. मी ठेवतो आहे. माझ्या तीस वह्या, सगळे डावपेच, सगळ्या खेळाडूंच्या खोडी यांसह, याच कलमाने मुलीस देत आहे.

कलम ७. हे कलम मी जिवंत असतानाच लागू व्हावे.

एक दिवस मी घरातल्यांना ओळखणार नाही, असं डॉक्टरबाई गोड शब्दांत सांगतात. त्या दिवशी कोणी वाईट वाटून घेऊ नये. ‘ओळखा पाहू मी कोण’ असले खेळ करू नयेत, मला हरायला आवडत नाही. स्टॉपर मैदानात सगळं बघू शकतो, फक्त स्वतःच्या पाठीमागचं त्याला दिसत नाही. तिथे कोणीतरी आवाज द्यावा लागतो, ‘मागे मी आहे.’ तेवढं ऐकलं की तो बिनधास्त पुढे जातो. मी कुठे घाबरून उभा राहिलो तर माझ्या जवळ येऊन एवढंच म्हणावं. पत्नीने म्हणावं, मुलीने म्हणावं, किंवा सत्तेचाळीसपैकी जी जवळ असेल तिने. कोण बोललं ते मला कळलं नाही तरी चालेल.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा वाजता
(सही)

साक्षीदार १: डॉक्टर. आज रोजी बुद्धी शाबूत असल्याचे तपासून पाहिले. रुग्णाने मलाच दोनदा ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला. (सही)

साक्षीदार २: नऊ नंबर. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे मला सांगण्यात आले. हरकत नाही. या माणसाने मला बारा वर्षांत एक गोलसुद्धा दिलेला नाही. वाचून पाहिले, सगळे खरे आहे. कलम सातमध्ये आवाज देणाऱ्यांत मलाही धरावे, कारण मी समोरच्याच इमारतीत राहतो आणि माझा आवाज मोठा आहे. (सही)