काचेवरचा लाल आकडा

प्रिय ठकूबाई,

तू पाठवलेली डबी गाडीत बसवून झाली, अगदी तू फोटोत दाखवलीस तशी. वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये, डबी डॅशबोर्डवर, काचेला पारदर्शक फिल्म. पहिल्यांदा आकडे काचेत उलटे उमटले, तेव्हा तुला चार शब्द सुनावणार होतो. मग बटण सापडलं. आता इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं समोर रस्त्यावर तरंगतं: वेग, तापमान, इंजिनाचे फेरे. आयुष्यभर गॅरेजात स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून दुखणी ओळखली, त्या बापाला लेकीने आकडे वाचायला बसवलं! पण खरं सांगतो, ऊर भरून आला. शेजारच्या शिंपीकाकांना मुद्दाम चक्कर मारून आणली.

त्याच चकरेत घोटाळा झाला. सपाट रस्ता, गाडी आपली गुपचूप चाललेली, आणि फेऱ्यांचा आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला. म्हटलं, पोरीने कुठेतरी घोळ घातलाय. घरी येऊन डबी पुन्हा काढून बसवली, तुझ्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी परत तेच. वैतागून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, तर दांडा थरथरत होता. मी अजून दुसऱ्याच गिअरमध्ये होतो. इंजिन बोंबलत होतं आणि मला पत्ता नव्हता. आदल्या दिवशी काका दाराची कडी घट्ट धरून का बसले होते, ते तेव्हा कळलं. गाडी बाजूला घेतली. तुझी डबी बरोबर होती गं.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन आलोय, त्याची काळजी करू नकोस. गाडी आता आकडे बघून चालवतो, नीट चालते.

पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. गेल्या रविवारी, हे सगळं कळायच्या आधी, तू फोनवर किती वेळ बोललीस. मध्येच थांबलीस, पुन्हा बोललीस. तुझी आई असती तर फोन तिच्या हातात दिला असता. लाईन खराब असेल असं समजून मी नेहमीसारखा 'छान, छान' म्हणत राहिलो, आणि तू फोन ठेवलास. बाळा, मला त्यातला एक शब्दही कळला नव्हता. आता जीव टांगणीला लागलाय. बातमी आनंदाची असेल तर लिहून कळव, मी पुन्हा छान म्हणेन. पण तू रडत असशील आणि मी छान म्हणालो असेन, तर लिहीत बसू नकोस. सरळ घरी निघून ये.

तुझाच,
बाबा