सत्तरीची सफारी

८ जुलै

पोचलो एकदाचे! अंगाचा पार भुगा झालाय. दोन विमानं, मग पाच तास जीप. रस्ता कसला — नुसते खड्डे, मधूनमधून थोडा रस्ता. तंबू म्हणे! आत पलंग, शॉवर, गरम पाणी, आणि आमच्या अख्ख्या घरात नाही एवढा मोठा आरसा. सूनबाईंनी आल्या आल्या पलंगाखाली टॉर्च मारला, मग बुटांत, मग माझ्या उशीखाली. "आई, साप नाहीये." म्हटलं, निराशा झाली की काय तुझी?

बारा तारखेला मला सत्तर पूर्ण. त्यासाठी ही सगळी मिरवणूक. बेत तिचाच. जिवंत जिराफ बघायचाय, असं मी कधीतरी बोलले होते म्हणे.

९ जुलै

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार!

निघायच्या आठ दिवस आधी चिरंजीवांचा फोन आला. सून म्हणते तसा ऑफिसच्या टूरवर नाहीच तो, मित्राकडे राहतोय. "आई, आम्ही वेगळे होतोय. ठरलंय आमचं." कुणी दुसरी आहे का, विचारलं. नाही म्हणाला. कंटाळा आला म्हणाला. कंटाळा! चौदा वर्षांच्या संसाराचा! वर म्हणे, "ती तुला परत आल्यावर सांगणार आहे, वाढदिवसाचा विचका नको म्हणून. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. ती तिची सोय बघतेय. ती गेली की मी येतोच घरी, तू काळजी करू नकोस."

म्हणजे ती माझ्यापासून लपवतेय, मी तिच्यापासून. आणि दोघी एका तंबूत!

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंनी बजावलं होतं — लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. ऐकलंत तरी ऐकलं नाहीत! कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची भानगड, सगळं कानावरून गेलं; कधी ब्र काढला नाही. त्याचा मला अभिमान आहे. म्हणून आत्ताही गप्प. तिचे हे चार दिवस तरी सुखाचे जाऊ देत, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे ती "जाते" म्हणाली की मी काय करणार, तेच कळत नाही. भीती वाटते.

१० जुलै

जिराफ पाहिला! एक नाही, नऊ. पाणी प्यायला पुढचे पाय केवढे फाकवावे लागतात बिचाऱ्याला! जमिनीवरून उठताना मी जी सर्कस करते, तीच. सूनबाई एवढी हसली की गाइडने "श्शू" केलं. या गाइडचं नाव आम्ही टोपीवाले ठेवलंय. जेवतानाही टोपी डोक्यावरच.

जीपमध्ये आमच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या सौ. सौं.नी विचारलंच, "मुलगा नाही आला?" सूनबाई पटकन म्हणाली, "येणार होते हो, ऐन वेळी टूर निघाली." चेहऱ्यावरची रेष हलली नाही तिच्या. मीही मान डोलावली. दोघी पक्क्या खोटारड्या.

११ जुलै

चष्मा पुसायला फडकं हवं होतं. सून चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासते, असली फडकी तिच्याकडे ढिगाने. तिची बॅग उघडली, तर प्राण्यांच्या पुस्तकात एक चिठ्ठी. गादी. दोन पातेली. बादली. लहान कुकर. पडद्याची दांडी. आणि सगळ्यात खाली — "आईंच्या गोळ्यांचं कुणाला समजावून सांगायचं?" प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

चिठ्ठी होती तशी ठेवली. फडकं न घेताच बाहेर आले. ती खुर्चीत बसून नदीतले पाणघोडे मोजत होती. "अकरा आहेत, आई!" मला एकही दिसेना. डोळे भरून आले होते.

१२ जुलै

सत्तर! केक, एक मेणबत्ती. ती वाऱ्यानेच विझवली, मला फुंकायलाही मिळाली नाही. स्वयंपाकघरातली झाडून सगळी माणसं ताटल्या वाजवत, गात आली. डॉक्टर म्हणाले, "दात सगळे तुमचेच का हो?" हा काय वाढदिवसाला विचारायचा प्रश्न! म्हटलं, हो, आणि जीभही माझीच आहे.

मग सूनबाईने खोकं पुढे केलं. दुर्बीण! "यांनी दिलीय तुमच्यासाठी. आणि मघाशी तुम्ही अंघोळीला गेला होतात ना, तेव्हा फोन आला होता त्यांचा. खूप खूप शुभेच्छा सांगितल्यात. मग लाइन तुटली."

लाइन! चार दिवस इथे कुणाच्याच फोनला रेंज नाही. मॅनेजरसुद्धा वायरलेसवर बोलतो. एकतीस वर्षं लाइनी जोडणाऱ्या बाईला ही थाप! दुर्बीण डोळ्यांना लावली, तर काही फिरवाफिरव न करता सगळं लख्ख दिसलं. उजव्या डोळ्याचा माझा नंबर आधीच लावून ठेवलेला. मुलाला माझा नंबर सोडाच, मला चष्मा कधी लागला तेही सांगता यायचं नाही.

"छान आहे. सांग त्याला," म्हटलं. ती "हो" म्हणाली. इतकं वाईट वाटलं मला! माझ्या गप्प बसण्याला मी गुण समजत होते, आणि त्यापायी ही पोर सगळं एकटी ओढतेय. माझा वाढदिवस, नवऱ्याची अब्रू, सगळंच.

संध्याकाळी सिंह दिसला. झोपला होता. झोपूनच राहिला.

१३ जुलै

आज बोलायचं ठरवलं होतं. बोलले नाही. भित्री!

१४ जुलै

बोलले.

सकाळच्या चहाला जीप एका झाडाखाली थांबली. डॉक्टर आणि सौ. फोटो काढण्यात गुंग. म्हटलं, "सूनबाई, परवा फोन आलाच नव्हता. आणि तो टूरवर नाही. त्यानेच सांगितलंय मला, आपण निघायच्या आधी."

कप हातातच राहिला तिच्या. "तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही जिराफ बघून हसत होतात?"

"तूही हसत होतीस."

मग रडली. मीही रडले. टोपीवाल्यांनी काही न विचारता बिस्किटांचा डबा आमच्या मध्ये आणून ठेवला.

"मी एक खोली बघितलीय," ती म्हणाली. "बाजारामागे. एक तारखेपासून मिळतेय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. दर रविवारी येत जाईन मी."

"तू का जायचंस?"

"आई, घर तुमचं, मुलगा तुमचा. मी कोण उरते?"

"घर माझं आहे ना? मग तिथे कोण राहील ते मी ठरवीन. तुला राहायचंय का, तेवढं सांग. माझ्यासाठी नको. गोळ्यांसाठी तर मुळीच नको, मला मोजता येतात."

"चिठ्ठीपण वाचलीत!" रडता रडता हसायला लागली. मग कितीतरी वेळ समोरच्या झेब्र्यांकडे बघत बसली. मी घाई केली नाही.

"त्या खोलीला खिडकी एकच आहे," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे राहायचंय मला. आपल्याच घरी. पण ते येतील त्याचं काय?"

"त्याचं मी बघते."

१५ जुलै

विमानतळ. रेंज आली. मुलाला फोन लावला. सरळ सांगितलं — सून कुठे जाणार नाही, सामान तू हलव. तो म्हणाला, "आई, मग मी राहू कुठे?"

म्हटलं, बाजारामागे एक खोली आहे. एक तारखेपासून मिळतेय. खिडकी एकच आहे, पण एकट्याला पुरेल.