कोठीतला सेट

३ एप्रिल, गुरुवार
आपत्ती व्यवस्थापनाच्या ऑफिसात मीटिंग. विषय कागदावर छापलेला: विद्युतचुंबकीय पल्स हल्ला झाला तर जिल्ह्याचा संपर्क. मला बोलावलं, कारण आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारीचं, लायसन आहे. मी सांगितलं, अणुबॉम्ब जालन्यावरच पडायची गरज न्हाई. वर आभाळात लांब फुटला तरी लाईट, टॉवर, मोबाईल एका झटक्यात जाऊ शकतात. उरतो तो आधीच पत्र्यात झाकून ठेवलेला रेडिओ. साहेब म्हणाले, "मॅडम, शत्रूला जालना माहीत तरी आहे का?" सगळे हसले. मी पण हसले. घरी आल्यापासून त्याचाच संताप.

६ एप्रिल, रविवार
ह्या ऑफिसवाल्यांच्या भरवशावर राहायचं न्हाई. तीन ठिकाणं धरली. जालन्यात मस्तगडला मी. धावड्याला गणपतमामा, फौजेत सिग्नलला होते, लायसन जुनं. शहागडला मावसबहीण कांता. हायवेवर तिचं हॉटेल, नवरा गेल्यापासून एकटी चालवते. हॅमची परीक्षा पास झाली, पण लायसन आठ महिने कुठल्यातरी टेबलावर पडलंय. तवर तिनं नुसतं ऐकायचं, बोलायचं न्हाई. लायसन नसताना सेट देणं बराबर न्हाई, माहिताय. तरी माझा जुना दिला.

१३ एप्रिल, रविवार
शहागडला गेल्ते. कांतानं ज्वारीची पत्र्याची कोठी रिकामी करून ठेवल्ती. आतून पुठ्ठा लावला, सेट पत्र्याला टेकू नये म्हणून. मंग ट्रान्झिस्टर चालू करून आत ठेवला, झाकण लावलं. गाणं चालूच. म्हणजे फट आहे. झाकणाला अल्युमिनियमची चिकटपट्टी मारली. तिसऱ्या खेपेला गाणं बंद, नुसती खरखर.
"अक्का, आता ह्याच्यात काय बी शिरत न्हाई ना?"
म्हटलं, खात्री कुणीच देणार न्हाई. उघड्यावर ठेवण्यापेक्षा बरं.
अँटेनाची तार मुद्दाम खाली, दहा-बारा फुटांवर बांधली. आवाज वर जातो आणि जिल्ह्यातच उतरतो. मामा धावड्याहून स्वच्छ ऐकू आले. कांता ऐकून हसून राह्यली, पण बोलायचं बटन दाबलं न्हाई.

२२ एप्रिल, मंगळवार
ऑफिसचा सेट आला. हार, नारळ, फोटो. काचेच्या कपाटात ठेवला. विचारलं, पत्र्याच्या पेटीत का न्हाई? "दिसला पाहिजे ना, मॅडम." कपाटाला कुलूप, चावी क्लार्ककडं. योजनेच्या फायलीवर शेरा: काम पूर्ण.
काय पूर्ण? कपाळ.

१७ मे, शनिवार
नीट लिहिते.
तीनला वादळ. लाईट गेली, मागोमाग रेंज. पल्स न्हाई, बिल्स न्हाई, साधं वादळ, अन् अर्धा जिल्हा मुका. सेट काढला. मामा आधीच हजर. विजांची कडकड. त्यातून बाईचा आवाज.
"अक्का, बोलून राह्यले. माफ करा."
हॉटेलचं शेड खाली बसलेल्या ट्रक ड्रायव्हरवर पडलं. लोखंडी अँगल मांडीत. रक्त थांबत न्हाई. एकाचाही फोन लागत न्हाई, रस्त्यावर लिंब आडवा. सांगितलं, जखमेच्या वर कापड आवळ, काडी घालून पिळ, सोडू नको, वेळ लिहून ठेव. मामांना म्हटलं, तुम्ही तिच्याशी बोलत रहा. स्कूटी काढली.
आधी ऑफिसात गेले, मदत तिथनंच सुटायची. कपाटाला कुलूप. शनिवार, क्लार्क गावाला. तिथनं थेट दवाखान्यात. ॲम्ब्युलन्स निघाली, मागं झाड कापणारे. दोन तास. तेवढा वेळ कांतानं पीळ सोडला न्हाई.

१९ मे, सोमवार
ड्रायव्हर वाचला. पाय गुडघ्याच्या वरून काढला. त्याची बायको कांताच्या गळ्यात पडून रडली म्हणे.

२६ मे, सोमवार
पेपरात बातमी, यंत्रणेच्या सज्जतेमुळे प्राण वाचले. फोटो काचेच्या कपाटाचा.
आणि त्याच दिवशी ऑफिसची नोटीस. कपाटाला न्हाई, मला न्हाई. कांताला. विनापरवाना बोलल्याबद्दल आणि सेट बाळगल्याबद्दल खुलासा करा. साहेबांकडं गेले. म्हणाले, तुमचं नाव त्यात न्हाई, तुम्ही शांत रहा.
"मंग तिनं काय करायचं होतं?"
"लायसनची वाट पाहायची."
बरं झालं आमच्या मध्ये टेबल होतं, न्हाईतर माझा हात उठला असता. जीव जात असला तर मदत मागायला नियम आड येत न्हाई, हे मीच तिला शिकवल्तं. आता कुणाला सांगू?

१ जून, रविवार
सकाळच्या एसटीनं कांता आली. सोबत तिच्या खुलाशाची नक्कल. लिहिलंय: "सेट मी बहिणीच्या घरून तिला न विचारता आणला." शुक्रवारीच देऊन टाकला. पोच पण घेतली.
मी ओरडले. फार ओरडले. ती पाणी पिली अन् म्हणाली, "तुमची नोकरी हाय, अक्का. माझं हॉटेल कोण काढून घेणार?"
मामांना सेटवरनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरीनं तुला ढालीमागं ठेवलं, तुला न विचारता.
उद्या अकराला सुनावणी. माझा जबाब लिहून झाला: सेट मी दिला, शिकवलं मी, तिनं माणूस वाचवला. सगळं खरं. पण हा दिला की कांतानं सरकारी कागदावर खोटं लिहिलं हे सिद्ध होतं. न्हाई दिला तर ती चोर. घरी हे म्हणतात, वकिलाला विचार. विचारलं. वकील म्हणाला, गप्प बसा.
दोन्ही कागद, तिची नक्कल अन् माझा जबाब, पर्समध्ये ठेवलेत. कांता जेवून आतल्या खोलीत झोपलीये, निवांत. तिला कुणाचाच राग येऊन राह्यला न्हाई, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच.