इस्माईलभाईंची खाट

तबूक, शुक्रवार संध्याकाळ

सरकारविरुद्ध लिहिलं, देश सुटला, आणि मी या परक्या वाळवंटातल्या शेतावरच्या मजुरांच्या खोलीत येऊन पडलो. माझं संस्कृत इथे भेंडी तोडायलाही उपयोगी नाही.

परवा एका मराठी वेबवाहिनीला फोनवर दिलेल्या मुलाखतीत मी भारदस्तपणे म्हणालो, "मी आणि दापोलीचे इस्माईलभाई, दोघंही जमिनीवर झोपतो." दोघंही! खोलीतली एकुलती एक खाट त्यांनी पहिल्याच दिवशी मला दिली. हे बोलायची काय गरज होती?

आज भेंडी तोडताना ते म्हणाले, "पंडितजी, तुमचं खोटं माफ. पण माझं खरं कशाला सांगितलंत? बायकोला मी सांगतो, मला खाट आहे."

मान वर होईना. "मुलाखत काढून टाकायला सांगतो."

"राहू द्या. सकाळीच ऐकलीन तिने. रडत होती."