बिनलसणाच्या भरिताची कैफियत

जळगाव,
१२ डिसेंबर

ती. स्व. आबांस,

जितूचा शिरसाष्टांग नमस्कार. (समोर येऊन घालायला हवा होता. पण गेल्या रविवारी धुळ्याला आलो, तर अक्कामामींनी दारातच सांगितलं की तुम्ही झोपलात, आणि आतून तर तुमचा बातम्यांना शिव्या घालण्याचा आवाज येत होता.) गुडघा कसा आहे? अक्कांनी तुमची साखर पुन्हा तपासून घेतली का? दिपमालाच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या असं कळलं. माझी अजून आली नाही, टपालात अडकली असेल असं मी घरी सांगितलं आहे. इकडे सगळे बरे. थंडी चांगली पडली आहे आणि बाजारात वांगी फार उत्तम येताहेत. (हा विषय एवढ्यात काढायला नको होता.)

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग तीन-तीन दिवस सामसूम. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते टेबलावर पडून राहतं आणि एखाद्या दुपारी वाचायला दुसरं काही नसलं की माणूस आपसूक उघडतो. तेवढ्याच आशेवर लिहायला बसलो आहे. तुम्ही माझ्या मालकांना, सुभाषचंद शेटना, निरोप धाडलात की दिपमालाच्या लग्नाचा स्वयंपाक त्यांच्याकडेच राहील, पण किराण्याची यादी जितूच्या मशीनने केली तर ऑर्डर रद्द. तेव्हापासून शेट मला चहा देतात, पण बिस्किट देत नाहीत. काल म्हणाले, ‘जितूभाऊ, सख्ख्या मामाचा भरवसा नाही, तर गिऱ्हाइकाचा कुठून आणू?’ मामांचा होकार आणला तर मशीन ठेवायचं, नाहीतर संक्रांतीनंतर पुन्हा वहीवर यायचं, असं ठरलं आहे. आबा, चार वर्षं तुमच्या घरी राहून मी शिकलो. तुमच्याच मुलीच्या लग्नात माझी यादी नको म्हणता, हे मला फार लागलं. म्हणून तुमच्या सेवापूर्तीच्या भरीत पार्टीत लसूण का नव्हता, त्याची ही कैफियत.

मुळापासून सांगतो. शेटचं काम लग्नकार्याच्या जेवणाचं. किती माणसं, कोणते पदार्थ, दुपारची पंगत की संध्याकाळची, हे स्क्रीनवर दाबलं की माझा प्रोग्राम यादी काढतो: डाळ किती, तेल किती, मिरच्या किती. ती थेट गोदामात तोतारामच्या फोनवर जाते आणि तोताराम टेम्पो भरतो. प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. जावा भाषा चांगली, पण तिचा प्रोग्राम एकटा कुठे जात नाही. त्याच्या खाली दुसरा एक भला मोठा प्रोग्राम लागतो, जो याचं बोलणं ऐकून ते मशीनला समजावतो. शेटच्या दुकानात कोपऱ्यात एक छोटं मशीन आहे (खरवसाच्या डब्याएवढं), त्याला हे सगळं लटांबर झेपत नव्हतं. वीज गेली आणि आली की प्रोग्राम उठायला पाऊण मिनिट घ्यायचा. वधुपित्याला पाऊण मिनिट फार मोठं वाटतं. तेवढ्यात तो समोरच्या दुकानाकडे बघायला लागतो.

यावर एक उपाय आहे. सगळा प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून एकच आटोपशीर फाईल करायची आणि ती कंटेनरमध्ये, म्हणजे एका हलक्या डब्यात, ठेवून द्यायची. त्याला नेटिव्ह म्हणतात. खालचा मोठा प्रोग्राम मग लागतच नाही. शेटना मी समजावायला गेलो, तर त्यांनीच मला समजावलं: ‘म्हणजे आतापर्यंत आपण आचारी, चुली, भांडी सगळं घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जात होतो. आता घरीच शिजवून डबा न्यायचा.’ तंतोतंत तेच. आणि खरं सांगतो आबा, झालंही तसंच. पाऊण मिनिटाचं काम पापणी लवायच्या आत व्हायला लागलं. शेट मुद्दाम बटण बंद-चालू करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मात्र डबा भरायचा म्हणजे काय घ्यायचं ते आधी ठरवावं लागतं. हे फाईल बनवणारं हत्यार भारी कंजूस आहे. जे वापरात दिसत नाही ते सरळ टाकून देतं. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक जिनसाचा वेगळा तुकडा आहे (तरुणपणी लिहिला, तेव्हा हौस होती), आणि ऐन वेळी नाव घेऊन हाक मारली की तो तुकडा उठून येतो. ही हाक हत्याराला आधी ऐकू येत नाही. म्हणून एक सोय अशी की जुना प्रोग्राम एकदा चालवायचा, कुणीतरी सगळं दाबून बघायचं आणि शेजारी एक नोंद करणारा बसवायचा. (माणूस नव्हे, तोही प्रोग्रामच.) जे दाबलं ते नोंदलं जातं, नोंदलं ते डब्यात जातं आणि बाकीचं गळतं. सांगायचा मुद्दा हाच की दाबणारा माणूस जाणता हवा.

आणि दुकानात चंदनबाईंपेक्षा जाणतं कोण? या शेटच्या आई, वय त्र्याहत्तर. हजार माणसांच्या बुंदीला तूप किती, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. मी त्यांना बसवलं आणि त्यांनी सकाळी नऊ ते दुपारी तीन शांतपणे एकेक चित्र दाबलं. एवढ्या मन लावून आजवर माझा प्रोग्राम कुणी वापरला नव्हता, मला भरून आलं. फक्त एक झालं. दिवस होते चातुर्मासाचे, आणि चंदनबाईंचा नियम कडक. कांदा, लसूण, बटाटा, मुळा खायचा तर नाहीच, पण स्क्रीनवरच्या चित्रालाही त्यांनी बोट लावलं नाही. पालेभाजीला नाही. वांग्यालाही नाही, कारण त्यात बिया फार. (शेंगदाणा जमिनीखालचा असून त्यांना चालतो. का, ते मी विचारलं नाही, आणि त्या दिवशी मी काहीच विचारलं नाही हेच तर दुःख आहे.) शिवाय सूर्यास्तानंतर जेवण नाही, म्हणून ‘संध्याकाळची पंगत’ हे बटण त्यांच्या लेखी नव्हतंच.

त्या रात्री मी फाईल बनवायला लावली. लॅपटॉपला हे काम म्हणजे धाप लागण्यासारखं आहे, पंखा घरघरत होता. त्याचा मागचा एक रबरी पाय कधीचाच निखळला आहे, तो डुगडुगत होता, म्हणून खाली कागदाची घडी सरकवली. पंचवीस मिनिटांनी फाईल तयार. मी वरण-भात, बट्टी, शिरा अशा चार याद्या काढून बघितल्या, बरोबर आल्या, आणि मी समाधानाने झोपलो. माझा प्रोग्राम तेवढ्यात चातुर्मास पाळायला लागला होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. अडीचशे माणसं, बहुतेक डेपोतले ड्रायव्हर आणि कंडक्टर, म्हणजे जेवणाऱ्या जातीची माणसं. पारोळ्याच्या अलीकडचं शेत, संध्याकाळी सहा. मशीनने लसणाला हाक मारली, लसूण आलाच नाही. असं झालं तर ओरडण्याऐवजी गुपचूप पुढच्या जिनसाकडे जावं, अशी शिकवण मीच त्याला पूर्वी दिलेली (गिऱ्हाइकासमोर शोभा नको म्हणून). तसं ते गेलं. कांदा नाही, पात नाही, मुळा नाही, कोथिंबीर नाही. तोताराम यादीबाहेर एक काडी उचलत नाही, त्याचा त्याला अभिमान आहे. स्वयंपाकाच्या बेबाबाईंनी टेम्पो उतरवून घेतला आणि शेटच्या घरचंच कार्य असेल असं समजून, कुणाला न विचारता, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाण्यावर भरीत घोटलं. वांगी तेवढी तुम्ही हट्टाने बामणोदहून स्वतः आणली होती, म्हणून अब्रू वाचली. नाहीतर भरीत पार्टीत वांगंच नसतं. आणि संध्याकाळची पंगत मशीनला ठाऊकच नसल्याने त्या पंगतीचे हॅलोजन आणि जनरेटरही यादीत आले नाहीत. सव्वासहाला अंधार पडला, तेव्हा तुमच्या ड्रायव्हरांनी दोन जीपगाड्या आडव्या लावून त्यांच्या दिव्यांत पंगत बसवली. त्या उजेडात तुम्ही पहिला घास घेतला, थांबलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘बठ्ठं शे, लसून नही.’ सगळं आहे आणि लसूण तेवढा नाही, हे तुम्हाला एका घासात कळलं. आबा, त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. अख्खी चाकरी माणसांना वेळेवर पोचवण्यात गेली, आणि निरोपाच्या दिवशी माझ्यामुळे तुमची गाडी चुकली. मला त्याची लाज वाटते. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा दोष पाहायला गेलं तर कुणाचाच नाही. थोडा हत्याराचा, थोडा चातुर्मासाचा, आणि चंदनबाईंनी तोंडाने एक शब्द सांगितला असता तर तोही टळला असता. पण मोठ्या माणसांना कोण बोलणार. आता सगळं नीट करता येईल. दिपमालाच्या लग्नाची यादी मला करू द्या, एवढंच मागणं. अक्कांना नमस्कार, दिपमालाला आशीर्वाद.

तुमचा,
जितू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. नोंद नव्याने करावी लागणार आहे, आणि दाबायला असा माणूस हवा ज्याला कशाचंही वावडं नाही. सगळ्या खान्देशात मला एकच नाव सुचलं. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो. तुम्ही फक्त जे जे खावंसं वाटतं ते दाबत जायचं, दुपारचं आणि संध्याकाळचं. मात्र अक्कांना शेजारी बसू देऊ नका. त्यांनी तुमचं तेल, मीठ, गूळ आणि जिलबी आधीच बंद केली आहे. त्या बसल्या तर दिपमालाच्या लग्नात वऱ्हाडाला दुधी भोपळ्याचं सूप मिळेल.

ता. क. दुसरा. पाकिटावर पत्ता घालायला जागा करावी म्हणून लॅपटॉप सरकवला आणि तो डुगडुगला. खालची घडी हाताशी आली, म्हणून सहज उलगडली. चंदनबाईंचं अक्षर आहे. ‘जितू, जमिनीखालचं, पाल्याचं, वांगं, आणि दिवे लागल्यानंतरचं, याला मी हात लावला नाही. ते तू लाव. विसरू नको.’ ही चिठ्ठी त्यांनी चित्रं दाबायला बसल्या त्याच दिवशी माझ्या हातात दिली होती. मी ‘हो हो’ म्हणालो होतो, तेही आठवलं. चिठ्ठी सोबत जोडली आहे. वर जिथे जिथे हत्याराचा आणि चातुर्मासाचा दोष लिहिला आहे, तिथे माझं नाव वाचावं. संध्याकाळी जाऊन चंदनबाईंच्या पाया पडणार आहे, दिवे लागायच्या आत.

ता. क. तिसरा. अक्कांना बसू द्या. तुम्ही दाबा, आणि त्या जे जे दाबू देणार नाहीत ते मी या वेळी शेजारी बसून माझ्या हाताने लिहून घेईन.